कुत्र्यासाठी पिंजरा: लोखंडी की कापडी?

आमचा मोती सहा महिन्यांचा असताना मी हलका, घडीचा कापडी पिंजरा आणला. दिवाळीत फटाक्यांना घाबरून त्याने एका रात्रीत जाळी फाडली. कापडाचा तुकडा गिळला असता तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ आली असती.

म्हणून पिल्लाला कुरतडायची सवय असेल, तर लोखंडी तारेचा पिंजरा घ्या. हवा खेळती राहते, धुताही येतो. कापडी पिंजरा शांत, सवय झालेल्या कुत्र्यासाठीच. कोणत्याही पिंजऱ्यात त्याला उभे राहता, वळता, पाय पसरून झोपता आले पाहिजे. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढा. अडकून फास बसू शकतो.

मात्र घाबरलेल्या कुत्र्याला कोंडू नका. लोखंड चावून तो दात मोडून घेईल. आता फटाके वाजू लागले, की मी मोतीच्या पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून शेजारी बसतो.