साइडकाकांचे कान

डिसेंबर लागला की आमच्या कृषी केंद्रात दुपारी कोणी फिरकत नाही. बियाण्याची झुंबड जूनमध्ये, फवारणीच्या औषधांची पोळ्यापर्यंत. पुढं शेतकरी कापूस घेऊन हिंगणघाटकडं वळतो आणि माझ्यासमोर उधारीची वही उरते. अशाच एका दुपारी पुण्याहून मुलानं फोनवर एक रेकॉर्ड पाठवली. सोबत एवढंच लिहिलेलं, ‘ऐका. आबांचा बँड आठवेल.’

आबा म्हणजे माझे वडील. समुद्रपुरात त्यांचा बँड होता. सात माणसं, आबा क्लॅरनेटवर. जाम, नंदोरी, मांडगाव, गिरड, तालुक्यातल्या अर्ध्या लग्नांचे परण्ये त्यांनी मारुतीच्या देवळापर्यंत पोचवले असतील.

मुलानं पाठवलेली रेकॉर्ड होती ‘रागा जॅझ स्टाइल’. 1968 ची. शंकर-जयकिशन यांची, पण चित्रपटाची नाही. अकरा राग, एकेक काही मिनिटांचा. सुरुवात तोडीनं, शेवट भैरवीनं, म्हणजे मैफिलीची रीत पाळलेली. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो. वाद्यवृंदाची सगळी बांधणी गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा यांची. पहिल्यांदा ऐकताना मला हसूच आलं. तोडी म्हटली की सकाळी रेडिओवर लागणारी, कपाळाला आठ्या घालून ऐकायची गोष्ट. इथं तिच्या मागं ड्रमवाला कुंचल्यासारख्या ब्रशनं चामडं घासतोय आणि तोडीची काही तक्रार दिसत नाही. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत चहा निवून गेला होता.

त्याच सुमारास साइडकाका आले. आबांच्या बँडमध्ये ते साइड ड्रम वाजवायचे, म्हणून साइडकाका. वय ऐंशीच्या घरात. बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, वाजलेलं येतं. हे सोंग आहे असं काकूंचं मत आहे. दुकानात रोज पेपर वाचायला येतात आणि पेपर न वाचताच जातात.

“हे काय लावलं, बाबू?”

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून एक पूर्ण राग ऐकला, दुसरा अर्धा. मग म्हणाले, “चांगले हात हायेत सगळ्यायचे. पण हे कागद पाहून वाजवून राह्यले.”

मला ते आगाऊपणाचं वाटलं. मुलाला फोन केला, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की जॅझवाल्यांची या रेकॉर्डबद्दल कुरकूर आहे ती हीच. जॅझमध्ये चाल ठरलेली असते, पण ती एकदा म्हणून झाली की वाजवणाऱ्यानं तिच्या अंगणात मोकळं फिरायचं असतं. इथं बरंचसं आधी लिहून, बांधून घेतलेलं आहे. गंमत अशी, की रागसंगीताचाही जीव त्या मोकळ्या फिरण्यातच असतो. दोन उधळ्या घोड्यांना एकत्र जुंपायचं म्हणून दोघांनाही लगाम घातला, असं काहीसं झालंय. तरी मला ही रेकॉर्ड आवडते. सतारीनं एक वाक्य म्हणावं आणि सॅक्सोफोननं त्याचं शेपूट धरून पुढं जावं, हे मी आधी कुठं ऐकलं नव्हतं.

तिथून नादच लागला. मुंबईतल्या जॅझच्या दिवसांवर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक आहे, ते मुलानं धाडलं. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवत होते, त्यांच्या शेजारी बसून गोव्याची पोरं शिकत होती. त्यातला एक आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट वाजवायचा, लुई आर्मस्ट्राँगसारखा गायचा, नाव घेतलं चिक चॉकलेट. हॉटेलातली रात्र संपली की ही मंडळी दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. संगीतकार चाल गुणगुणायचा, ती कागदावर उतरवून तीस-चाळीस वाद्यांत वाटून द्यायचं काम यांचं. श्रेयनामावलीत यांची नावं अभावानंच दिसतात.

चिक चॉकलेट ज्यांचा साहाय्यक होता ते सी. रामचंद्र. आता हे नाव आलं की आम्ही विदर्भातले लोक जरा ताठ बसतो. रामचंद्र चितळकर जन्मले पुणतांब्याला, पण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडं गाणं शिकले. वसंतराव देशपांडेही त्याच सप्रे गुरुजींचे विद्यार्थी. एकाच ओसरीवरून एक जण नाट्यपदांच्या वाटेनं गेला, दुसरा बोंगो आणि ट्रम्पेट घेऊन ‘अलबेला’त. 1951 च्या त्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. आबांनी तो चित्रपट किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. त्यातली चार गाणी वाजवल्याशिवाय वरात सुटायची नाही.

त्याआधीच्या ‘समाधी’तलं एक गाणं तर अमेरिकन चित्रपटातल्या चालीवरून घेतलेलं. 1945 चं ते मूळ गाणं मी शोधून ऐकलं आणि मला आबांचीच नक्कल कोणीतरी केल्यासारखं वाटलं. माझ्या कानात ती चाल पहिल्यांदा शिरली ती आबांच्या क्लॅरनेटमधून, तिसऱ्या हातानं आलेली. कानाला काळवेळ कळत नाही. जे आधी ऐकलं तेच अस्सल.

मग मी साइडकाकांची परीक्षाच घ्यायला लागलो. डेव्ह ब्रुबेकच्या चमूचं ‘टेक फाइव्ह’ लावलं, 1959 चं. रचना त्याच्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची. काकांची बोटं बाकड्यावर चालू झाली आणि दोन आवर्तनांत अडखळली. लग्नाच्या बँडचा जन्म केरव्यात जातो, फार तर दादरा.

“एक पाय कमी पडून राह्यला याचा.”

“पाच मात्रा आहेत, काका. तीन आणि दोन.”

“पाच?” त्यांनी पुन्हा बोटं लावली. भजनी मंडळात झपताल ऐकलेला, पण तो दोन-तीन, दोन-तीन असा दहाचा. इथं तीन आधी. मधल्या भागात जो मोरेलो एकटा ड्रम वाजवतो तिथं पोचेपर्यंत काकांना हिशेब लागला होता. तो भाग त्यांनी चार वेळा लावायला सांगितला. दरम्यान एक गिऱ्हाईक उंदराचं औषध मागायला येऊन परत गेलं.

दुसऱ्या दिवशी तीच रचना लाहोरची. ‘सचल स्टुडिओज’ ही इज्जत मजीद यांची संस्था. त्यांनी लहानपणी, 1958 मध्ये, ब्रुबेकला लाहोरात प्रत्यक्ष ऐकलेलं. लाहोरचा सिनेमा बसला तसे तिथले सतारिये, तबलजी, व्हायोलिनवाले घरी बसले. मजीद यांनी त्यांना गोळा केलं आणि 2011 मध्ये त्यांचं ‘टेक फाइव्ह’ जगभर गेलं. मला ते ऐकताना गहिवरून आलं होतं. माणसं कुठून उठून कुठं पोचली! मी काकांकडं मोठ्या आशेनं पाहिलं.

“लगन मोठं हाय,” काका म्हणाले. “नवरदेव दिसत नाही.”

मी वाद घातला. दोन दिवस घातला. पण खरं सांगायचं तर त्यानंतर मलाही तिथले व्हायोलिनचे ताफे जरा जास्तच वाटायला लागले. तबला आणि सतार ऐन रंगात येते तोच मांडवातली सगळी पाहुणेमंडळी मधे येते.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थेलोनियस मंकच्या ‘पालो आल्टो’वर काढला. रेकॉर्ड बाहेर आली 2020 साली, वाजवणं 27 ऑक्टोबर 1968 चं. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेचं सभागृह. डॅनी शेर नावाच्या सोळा वर्षांच्या पोरानं मंकसारख्या मोठ्या वादकाला शाळेत बोलावलं. त्या शाळेतल्या साफसफाई कामगारानं सांगितलं, पियानो मी सुरात लावून देतो, बदल्यात मला कार्यक्रम भरून घेऊ द्या. त्यानं भरलेली टेप अर्धं शतक तशीच राहिली. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनची 1963 ची हरवलेली टेपही अशीच 2018 मध्ये निघाली, पण ती स्टुडिओतली. शाळेतल्या कामगारानं भरलेल्या टेपेची सर तिला माझ्या लेखी नाही.

मंक ऐकताना काका आधी दचकले. “हा चुकला.” थोड्या वेळानं, “पुन्हा चुकला.” मग हसायला लागले. “मुद्दाम चुकून राह्यला ना बे! पेटी लावणाऱ्याची मेहनत वाया घालवली.” पण उठले नाहीत. सत्तेचाळीस मिनिटं पूर्ण ऐकली आणि जाता जाता विचारलं, “आपल्या बँडचं कोणी भरलं होतं का कधी?”

मला एकदम आठवलं. 1984 मध्ये आतेबहिणीच्या लग्नात तिच्या दिरानं नवा टेपरेकॉर्डर आणला होता. गिरडला फोन केला. कॅसेट होती, धान्याच्या कोठीवरच्या ट्रंकेत, बुरशी धरलेली. नागपूरला सीताबर्डीत एका माणसानं ती पुसून, नव्या डबीत घालून, फोनवर घेऊन दिली.

साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये चाळीस मिनिटं बायकांची बोलणी. आत्या कुणाला तरी साखर कुठं ठेवली ते तीन वेळा विचारते. मग जनरेटरची घरघर, आणि तिच्यापलीकडं, जवळ येत येत, आबा. ‘अलबेला’ची चाल. दोन कडवी सरळ वाजवली आणि तिसऱ्याच्या तोंडाशी ते चाल सोडून भलतीकडंच निघाले. वर गेले, एका सुरावर थांबले, खाली घसरले, असलं काही जे मी त्यांच्याकडून कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. समुद्रपूर तालुक्यात, 1984 साली! मी ते काकांना ऐकवलं आणि मुलाकडून ऐकलेलं सगळं ज्ञान पाजळलं, हेच ते मोकळं फिरणं वगैरे.

“फिरणं कायचं,” काका म्हणाले. “भुलला होता तुहा बाप. नवरदेवाचा मामा पिऊन मधात आला, क्लॅरनेटले धक्का लागला. मंग त्याले जागाच सापडेना.”

मी गप्प बसलो. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला.

“त्याले काय ऐकतं? मागं साइड ऐक. तो येईपर्यंत चार चक्कर जास्त वाजवले म्या. कोणाले समजलं काय?”