शी-शूची सवय : धाक नको, धीर हवा

मुलांचे शिक्षण, व्यसनमुक्ती, साध्या पद्धतीचे मंगल परिणय या विषयांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. ते योग्यच आहे. परंतु घरातल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाला शी-शूची सवय कशी लावावी, हा विषय निघाला की पुरुषमंडळी उठून बाहेर जातात आणि बायका तोंडाला पदर लावून हसतात. यात बोलायचे ते काय, असा समज आहे. आम्हाला तसे वाटत नाही. विष्ठेची किळस या देशात नाकापुरती राहिली नाही, तिची जात झाली. आपल्या पूर्वजांना मेलेली ढोरे ओढायला लावली, मेहतर बांधवांच्या डोक्यावर मैल्याची पाटी दिली. ही प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली एक आणि २०१३ साली दुसरा असे दोन कायदे करावे लागले. म्हणून आपल्या घरातले मूल स्वच्छतेचा पहिला धडा कसा घेते, हा आम्हाला चळवळीचाच प्रश्न वाटतो.

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना स्वच्छ राहण्याचा आणि मुलांना शिकवण्याचा उपदेश केला. त्याच भाषणात मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाकण्यासही सांगितले. स्वच्छता आणि स्वाभिमान या दोन गोष्टी त्यांनी बरोबरच सांगितल्या. आपण पहिली उचलतो आणि दुसरी विसरतो. मुलाला स्वच्छ ठेवण्याच्या नादात त्याला इतके घालूनपाडून बोलतो की ते स्वतःलाच घाणेरडे समजू लागते.

आता मुद्द्याकडे येऊ. सवय लावायला कधी सुरुवात करावी?

आपल्या आया-आज्या तान्ह्या बाळाला दोन्ही पाय लांब करून पायांवर बसवतात, तोंडाने ‘शूऽऽ’ करतात आणि बाळ शू करते. पद्धत चांगली आहे, कपडे वाचतात, त्वचाही कोरडी राहते. पण त्या वयात बाळ शिकलेले नसते, त्याची वेळ ओळखायला आई शिकलेली असते. शी-शू रोखून धरण्याची आणि ठरवून सोडण्याची ताकद मुलाच्या शरीरात साधारण दीड वर्षानंतर येऊ लागते. बहुतेक मुले दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात. कुणी लवकर, कुणी उशिरा. शेजारणीचा मुलगा सव्वा वर्षाचा असताना सांगत होता, म्हणून आपल्याही मुलाने सांगावे हा हट्ट व्यर्थ आहे.

तयारीच्या खुणा मूलच दाखवते. दीड-दोन तास चड्डी कोरडी राहते. शी लागली की खेळता खेळता थबकते, कोपऱ्यात किंवा दाराआड जाते, तोंड लाल होते. ओली चड्डी नकोशी होऊन ओढू लागते. ‘पेला आण’, ‘इथे बस’ एवढे सांगितलेले त्याला कळते. या खुणा दिसू लागल्या की सुरुवात करावी. घरात आजारपण असेल, नवे बाळ येणार असेल किंवा बिऱ्हाड बदलायचे असेल, तर महिनाभर थांबावे. काही बिघडत नाही.

आमच्या घरी धाकट्या भावाचा मुलगा पावणेदोन वर्षांचा झाला, तेव्हा या खुणा दिसू लागल्या. आम्ही पेशाने कारकून. कागदावर नोंद केल्याशिवाय आमचा जीव स्वस्थ बसत नाही. आठ दिवस कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्याच्या शी-शूच्या वेळा लिहिल्या. दिवसभर घरात असणारी आई आणि भावजय सांगत, आम्ही संध्याकाळी येऊन टिपून ठेवत होतो. आठ दिवसांनी पाहिले तर हिशेब स्वच्छ होता. सकाळचे दूध आणि पोळी खाल्ल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत शी. यात नवल नाही. पोटात अन्न पडले की आतड्याला चालना मिळते. मोठ्या माणसाला सकाळच्या चहानंतर संडास आठवतो तो याचमुळे. मग त्या वेळेला त्याला बसवायला लागलो.

बसवायचे कशावर? बाजारात प्लॅस्टिकचे भांडे मिळते. ते नसेल तर जुनी रीत आहेच: मोरीत दोन विटा मांडाव्यात आणि मध्ये कागद ठेवावा. मुलाचे दोन्ही तळपाय घट्ट टेकले पाहिजेत, म्हणजे त्याला जोर करता येतो आणि पडण्याची भीती राहत नाही. पाच मिनिटे बसवावे, गाणे म्हणावे, गप्पा माराव्यात. झाली तर ‘शाब्बास’ म्हणावे, नाही झाली तर उठवावे. तासन् तास बसवून ठेवू नये. सैल इलॅस्टिकची चड्डी घालावी, ती मुलाला स्वतःला खाली ओढता येते. शब्द एकच ठरवावा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. आजीची ‘शी’, आईची ‘छी’ आणि काकाची ‘पॉटी’ झाली की लेकरू गोंधळते.

आमच्याकडे पहिले पंधरा दिवस काहीच घडले नाही. मग एके दिवशी शी झाली आणि आमच्या आईने टाळ्या वाजवल्या. त्यानंतरही दीड महिना कधी भांड्यात, कधी चटईवर असे चालले. दिवसाचा ताबा आधी येतो, रात्रीचा फार उशिरा. चार-पाच वर्षांचे मूल रात्री अंथरूण ओले करते यात वावगे काही नाही. त्याला सकाळी चारचौघांत लाजवू नये.

धाकाबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. वस्तीत आमच्या ओळखीचे एक घर आहे. आई कंत्राटावर साफसफाईचे काम करते. पहाटे पाचला घर सोडते. मुलगी तीन वर्षांची. चड्डीत शी करते म्हणून बालवाडीने तिला घेतले नाही. मुलगी सांभाळायला कोणी नाही, खाडा केला तर पगार कापतात. रागाच्या भरात माऊलीने एकदा उलथणे तापवून मुलीला दाखवले. चटका दिला नाही, नुसता दाखवला. त्या दिवसापासून मुलगी शी रोखून धरू लागली. चार-चार दिवस करीना. रोखलेली शी कडक होते, कडक शी दुखते, दुखते म्हणून मूल आणखी रोखते. मग त्या कडक शीच्या कडेने पातळ शी नकळत झिरपते आणि आपल्याला वाटते मूल मुद्दाम करते. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला जवळ बसवून हे समजावले. औषध दिले, भरपूर पाणी, पपई, पालेभाजी, डाळ सांगितली आणि रागवायचे नाही अशी सक्त ताकीद दिली. मुलगी सुधारायला तीन महिने लागले. आम्ही त्या आईला दोष देत नाही. दिवसभर दुसऱ्यांचे संडास घासून आलेल्या बाईला घरी पुन्हा तेच करावे लागते, आणि मदतीला कोणी हात पुढे करत नाही. दोष असलाच तर त्या रिकाम्या हातांचा आहे.

हे हात बापाचे आहेत, काकाचे आहेत, आजोबांचे आहेत. सभेत समतेवर भाषण देणारे आपण घरात मुलाने शी केली की ‘अगं, बघ गं’ म्हणून हाक मारतो. महावग्गात कथा आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. तथागतांना ज्याची किळस आली नाही, त्याची आपल्या लेकराच्या बाबतीत आपल्याला का यावी? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रस्ते झाडणाऱ्या सुनीताच्या धम्मदीक्षेची कथा घेतली आहे. ती विहारात वाचायची आणि घरी मुलाचे ढुंगण धुवायला बायकोला बोलवायचे, हे जुळत नाही. आमच्या घरी भावाने सुट्टीच्या दिवशी हे काम स्वतःकडे घेतले आणि मुलगा दोघांनाही सारखाच सांगू लागला.

आता स्वच्छतेच्या दोन-तीन गोष्टी. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज खोटा आहे. हगवण, जंत, विषमज्वर हे तिच्यातूनही पसरतात. पोलिओचा विषाणूही विष्ठेतून पसरत असे. जानेवारी २०११ नंतर देशात त्याच्या नैसर्गिक (वाइल्ड) प्रकाराचा रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, यामागे घरोघर फिरून डोस पाजणाऱ्या आपल्याच भगिनींचे कष्ट आहेत. तेव्हा भांड्यातली शी गटारात किंवा कचऱ्यात न टाकता संडासातच टाकावी. मुलीला धुताना पुढून मागे धुवावे. नंतर आपले आणि मुलाचे हात साबणाने धुवावेत. डायपर वापरत असाल तर कागदात गुंडाळून वेगळा द्या. तो हाताने उचलणारा सफाई कामगार कोणाचा तरी बाप आहे. वस्तीतल्या सामायिक संडासाचा अंधार आणि मोठे भोक यांना मूल घाबरते. आधी उजेडी, हात धरून, नुसते दाखवायला न्यावे. चार वर्षांपर्यंत घरच्या भांड्यावर बसले तरी चालेल.

शेवटी एक विनंती. ‘छी, घाण, दूर हो’ हे शब्द मुलाला उद्देशून वापरू नका. हेच शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी पाणवठ्यावर ऐकले होते. शी झाली तर ‘चल, धुवू’ एवढेच म्हणा. घाण धुता येते, हे मुलाला कळले पाहिजे. आणि धुणारा कमी प्रतीचा नसतो, हे त्याने घरात बापाला वाकलेला पाहून शिकले पाहिजे. ज्या विहारांत बालसंस्कार वर्ग चालतात, त्यांनी महिन्यातून एक रविवार आई-बाप दोघांना बोलावून या विषयावर बोलावे. बालवाडीतल्या ताईंनाही बोलवावे. ओल्या चड्डीपायी आपल्या एकाही लेकराचा शाळेचा रस्ता बंद होता कामा नये.

जयभीम.