श्रेय सुरीचं की निवडीचं?

एका फुप्फुसाची हवा बंद करून रुग्णाला दुसऱ्यावर श्वास घ्यायला लावणं, ही भूलतज्ज्ञाची करामत. आकसून मऊ पडलेल्या फुप्फुसात, मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरमधून पसरलेली गाठ शोधणं हे माझं काम. छाती उघडली असेल तर ती बोटाला लागते. शिजलेल्या मटकीत गणंग लागावा तशी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बोटांना फारसा वाव नाही, तिथे भिस्त सीटी स्कॅनवर. गाठ कडेला असली तर स्टेपलरने पाचरीसारखा तुकडा निघतो. खोलवर असली तर जास्त गमवावं लागतं. कापलेलं यकृत पुन्हा भरतं, फुप्फुस भरत नाही. म्हणून हात आखडता ठेवायचा.

मोठ्या आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. गुदाशयाच्या खालच्या भागातलं मात्र बरंचसं यकृताला वळसा घालून हृदयात आणि तिथून फुप्फुसांत पोचतं. तिथला कॅन्सर कधीकधी यकृत सोडून थेट छातीत रुजतो, तो या वाटेने. पण आपल्याकडे छातीतली प्रत्येक गाठ कॅन्सरचीच नसते, जुन्या क्षयाचीही निघते.

खरी कसोटी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लागते. मूळ रोग आटोक्यात हवा, इतरत्र पसरलेला नको, गाठी मोजक्या आणि सगळ्या निघण्याजोग्या हव्यात, उरलेलं फुप्फुस पुरायला हवं. एवढ्या चाळण्यांतून उरतो तो बहुधा संथ रोगाचाच रुग्ण. तो पाच वर्षं जगला, तर श्रेय कुणाचं?

ब्रिटनच्या टॉम ट्रेझर यांच्या 'पल्मिक' चाचणीने हाच प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेविना पाच वर्षं जगणारे जेमतेम 5 टक्के, असा समज होता. 2020 च्या अहवालात 93 रुग्ण होते. चिठ्ठीने शस्त्रक्रियेविना राहिलेल्या गटात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्के निघालं, शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे 36. रुग्ण पुरेसे न मिळाल्याने चाचणी आवरती घ्यावी लागली; त्यामुळे फायदा सिद्ध झाला नाही, तसा 'फायदा नाहीच' असंही ठरलं नाही.

नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, गाठ काढली की सुटलो ना?" मी सांगतो, दिसतंय तेवढं काढू, पण पुन्हा उगवणार नाही असा शब्द देता येत नाही. कधी दोन-तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन करू म्हणतो. तेवढ्यात नव्या गाठी भराभर उगवल्या, तर सुरीने फारसं साधलं नसतं. नाही उगवल्या, तर जुन्या बहुतेक वेळा तेव्हाही काढता येतात.