शब्दांचें कूळ

नदीचें मूळ व ऋषीचें कूळ विचारूं नये, असें म्हणतात. शब्दांच्या बाबतींत आम्हांस हा मोह आवरत नाहीं. 'जॅझ' हा शब्द १९१२ सालीं लॉस एंजल्सच्या वृत्तपत्रांत बेसबॉलच्या संदर्भांत दिसतो. १९१५ सालीं शिकागोंत तो संगीतास चिकटला. 'बीट' म्हणजे वादकांच्या व फिरस्त्यांच्या बोलींत थकलेला, गांजलेला. त्यांतूनच १९४८ च्या सुमारास कादंबरीकार केरुआकनें एका पिढीचें नांव घडविलें. आमच्याकडे सी. रामचंद्रांच्या 'ईना मीना डीका' या १९५७ च्या गाण्यांत 'मला नको' अशा अर्थाचे कोंकणी बोल शिरले, तेही गोमंतकी वादकांच्या संगतीनें.

कुळगांवचीं मुलें लोकलच्या डब्यांतली बोली निबंधांत उतरवितात. सहाध्यापक ती 'अशुद्ध' म्हणून गुण कापतात. आम्ही कापीत नाहीं. कूळ पाहून शब्द वर्गाबाहेर काढला, कीं त्यामागोमाग मुलगाही निघून जातो.