बाळाच्या वतीने

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात बाळपणाच्या दुःखाचे जे निरूपण आहे, ते परमार्थाच्या वाटेवरचे लोक वैराग्याच्या दृष्टीने वाचतात. परंतु ज्याच्या घरी तीन वर्षांचे मूल आहे आणि ते दिवसातला काही काळ परक्याच्या हाती सोपवण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला त्या ओव्यांत निराळाच अर्थ दिसू लागतो. भूक लागली, दुखले-खुपले, तरी बाळाला सांगता येत नाही म्हणून ते रडते, आणि आई वरून कुरवाळत राहिली तरी आतली व्यथा तिला उमगत नाही, असा त्या वर्णनाचा आशय आहे. शके १५३० च्या रामनवमीस ज्या जांब गावी समर्थांचा जन्म झाला, त्याच गावात आमच्या कन्येसाठी बालवाडीचा विचार करताना मला वारंवार वाटत आले की पालकापुढचा सारा पेच या एका गोष्टीत सामावला आहे. ज्याच्यासाठी निवड करायची, त्याला जबानी देता येत नाही. कचेरीत दाद मागणाऱ्याला निदान आपली फिर्याद तोंडाने मांडता येते. बाळाची फिर्याद मात्र त्याच्या चाळवलेल्या झोपेत, नाकारलेल्या घासात आणि उंबऱ्याशी घट्ट धरलेल्या पदरात वाचावी लागते.

आमच्या घनसावंगी तालुक्यात या प्रश्नाला ऋतूही आहे. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की घरोघरच्या बायका सकाळीच शेताची वाट धरतात. पूर्वी बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधून तान्हे तीत ठेवीत, आणि रांगते झाले की त्याच्यावर नजर ठेवायला थोरल्या बहिणीला बसवीत. त्या मुलीची शाळा किती बुडाली, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात लिहिलेला नाही. शेतातल्या त्या झोळीचे कौतुक करणाऱ्यांनी तिच्या दोरीला धरून बसलेल्या आठ वर्षांच्या पोरीकडेही पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आता बाजाराच्या गावांतून इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या खेड्याखेड्यांत फिरतात, आणि ऐपत नसताना फी भरून लेकराला त्यांत बसवणाऱ्या आईबापांना नावे ठेवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. ज्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, उर्दू ही राज्यकारभाराची आणि शाळेचीही भाषा होती, तिथल्या रयतेने सत्तेची भाषा न येण्याचे मोल पिढ्यान्‌पिढ्या चुकवले आहे. तिचा नातू इंग्रजीसाठी धावतो, यात नवल ते काय? परंतु अशाच एका ठिकाणी आम्ही उभयता चौकशीस गेलो, तेव्हा गुळगुळीत फरशा आणि रंगीत भिंती आम्हांला अगत्याने दाखवण्यात आल्या, तीन-साडेतीन वर्षांची मुले ओळीत बसून शंभरापर्यंतचे आकडे गिरवत होती, आणि दाराशी एक मुलगा हुंदके देत उभा होता. मूल रडले तर आपण काय करता, असे माझ्या पत्नीने विचारले. दोन दिवसांत सवय होते, असे उत्तर आले. त्या उत्तरात क्रौर्य नव्हते, घाई होती. तरीही त्या मुलाजवळ कोणी गेले नाही, आणि आमचा निर्णय तिथेच झाला.

रडणाऱ्या मुलाजवळ कोण जाते, हीच मी बालवाडीची पहिली परीक्षा मानतो. ही कसोटी काही नवी नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे काम खेड्यात आणले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीकडे येईनात, तर या बायकांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; आधी मुलांना न्हाऊ घातले, केस विंचरले, आणि महागड्या साहित्यावाचून शंख-शिंपले, बिया, पाने यांवरच शिकवणे उभे केले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याआधी रोममध्ये माँटेसरीबाईंनी १९०७ साली पहिले बालगृह उघडले, तेही कष्टकऱ्यांच्या चाळीतच, आई-बाप जिथे राहत तिथे. शासनाची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोहोचले. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण हे सारे एकाच खोलीत, बहुधा एक सेविका आणि एक मदतनीस यांच्या हातून व्हायचे, अशी ती रचना आहे.

त्या खोलीची निंदा ऐकत आलो होतो. म्हणून आम्ही काही सकाळी नुसते जाऊन बसलो. भिंतींचा रंग उडालेला होता. सेविकाताईंच्या एका मांडीवर रडणारे मूल आणि दुसऱ्या मांडीवर हजेरीपत्रक होते. वजनांच्या नोंदी मोबाइलवर भरण्याचे काम तसेच पडलेले असूनही त्यांनी त्या मुलाला खाली ठेवले नाही. मदतनीस बाई खिचडी वाढताना कोणत्या मुलाला तिखट सोसत नाही हे न विचारता जाणत होत्या. फलकावर लिहिलेल्या कोणत्याही उद्दिष्टापेक्षा हे जाणणे मला अधिक भरवशाचे वाटले. आमची कन्या आता तिथे जाते. पहिले काही दिवस तिची आई दाराशी बसून राहिली, आणि तिला उठून जा असे कोणी म्हटले नाही.

तथापि एक उणीव उरते आणि ती मोठी आहे. अंगणवाडी दुपारी सुटते, वेचणी मावळतीपर्यंत चालते. आमच्या घरी आजी आहे. ज्यांच्या घरी ती नाही त्यांची लेकरे दुपारनंतर पुन्हा बांधावरच असतात. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने कामावर आलेल्या बायकांची पाच किंवा अधिक लहान मुले असली तर त्यांतल्याच एका बाईस ती सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली. मूल सांभाळणे हे मजुरीस पात्र असे काम आहे, हे सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे आले, याला मी फार महत्त्व देतो. तोच न्याय कापसाच्या हंगामाला लावता येईल: वेचणीच्या महिन्यांत गावातल्याच एका बाईला ग्रामपंचायतीने रीतसर मोबदला द्यावा, आणि तिच्या देखरेखीखाली पाळणाघर सायंकाळपर्यंत उघडे राहावे. तसा मसुदा मी लिहून ठेवला आहे. सेविकाताईंवर याचा जादा भार पडू नये, ही अट त्यात सर्वांत वर आहे, आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवण्याचे काम थोरल्या बहिणीच्या वयात झोळीपाशी बसून शाळा गमावलेल्या एका शेजारणीने आपणहून पत्करले आहे.