चौघांची ओळख

प्रिय सई,

क्वीन हा बँड ऐकायला कुठून सुरुवात करू, असं तू विचारलंस. त्यांच्यावरचा सिनेमा बघून झालाय, ‘ग्रेटेस्ट हिट्स’ पाठ झालंय आणि आता १९७३ ते १९९५ या काळातले पंधरा स्टुडिओ अल्बम तुझ्यासमोर आहेत. लांबलचक यादी मी देणार नाही. पहिले दोन अल्बम सांगते, मग पुढची वाट दाखवते, आणि हीच वाट का, तेही सांगते.

‘ग्रेटेस्ट हिट्स’ १९८१चा. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम. त्यातली गाणी उत्तमच आहेत. पण ती ऐकून आपला समज होतो की क्वीन म्हणजे गायक फ्रेडी मर्क्युरी आणि त्याचे तीन साथीदार. नाटक न पाहता नुसती नाट्यपदं ऐकावीत तसं होतं ते. प्रत्यक्षात हा चार संगीतकारांचा बँड. ‘वी विल रॉक यू’ गिटारवाल्या ब्रायन मेचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ बास वाजवणाऱ्या जॉन डीकनचं, ‘रेडिओ गा गा’ ड्रमर रॉजर टेलरचं आणि ‘बोहेमियन रॅप्सडी’ फ्रेडीचं. चौघांची आवड वेगळी, लिहिण्याची ढब वेगळी. हे चौघे एकमेकांशेजारी भेटतात ते अल्बममध्येच.

म्हणून सुरुवात कर १९७४च्या ‘शिअर हार्ट अटॅक’पासून. हा त्यांचा तिसरा अल्बम. चौघांचीही गाणी असलेला हा पहिलाच. डीकनचं पहिलं गाणं, ‘मिसफायर’, इथेच आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात ब्रायन मेला कावीळ झाली आणि दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढे पोटात अल्सर निघाला आणि तो पुन्हा रुग्णालयात गेला. बाकीच्या तिघांनी काम थांबवलं नाही. त्याच्या गिटारसाठी जागा सोडून त्यांनी गाणी रेकॉर्ड केली, आणि बरा झाल्यावर त्याने येऊन त्या जागा भरल्या. असं असूनही पहिल्याच गाण्यात, ‘ब्रायटन रॉक’मध्ये, त्याची गिटार सगळ्यांवर मात करते. वाजवलेला सूर प्रतिध्वनी होऊन परत येतो आणि त्याच्याशी तो पुढचा सूर जुळवतो. एकटाच माणूस स्वतःशी जुगलबंदी करतो.

ती गिटारही घरची आहे. १९६३च्या सुमारास शाळकरी ब्रायनने वडिलांच्या मदतीने ती बनवायला घेतली. मानेसाठी लाकूड वापरलं एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. तीच ‘रेड स्पेशल’ तो आयुष्यभर वाजवत आला, तीही प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने. त्या सुराला जी किंचित करकरीत कड आहे, ती या नाण्याची.

‘ब्रायटन रॉक’ संपलं की लगेच ‘किलर क्वीन’ येतं, आणि खोली एकदम बदलते: पियानो, चुटक्या, नखरा. मग रॉजरचं ‘टेनेमेंट फन्स्टर’ आणि त्याला न थांबता जोडलेली फ्रेडीची दोन गाणी. म्हणून सांगते, फोनवर शफल बंद कर आणि गाण्यांचा क्रम मोडू नकोस. ही तीन गाणी वेगवेगळी काढली तर तिन्हींचं नुकसान होतं.

दुसरा अल्बम ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’, १९७५चा. हा ऐकताना हेडफोन लाव. ‘बोहेमियन रॅप्सडी’ तुला ठाऊक आहे: पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. पण अल्बमच्या क्रमात ते शेवटून दुसरं येतं, आणि तिथे पोचेपर्यंत तू इतकं ऐकलेलं असतेस की ते अचानक आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही. ‘सीसाइड रान्देव्हू’मध्ये फ्रेडी आणि रॉजरने बँडबाजातली वाद्यं निव्वळ तोंडाने काढली आहेत. ‘गुड कंपनी’त ब्रायनने गिटारवर अख्खा जाझ बँड उभा केलाय. त्या काळात त्यांच्या अल्बमवर आवर्जून छापलेलं असे की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. जे ऐकू येतं ते गळ्यातून, बोटांतून आणि टेपवर थरावर थर चढवून आलेलं आहे. ‘बोहेमियन रॅप्सडी’तला ऑपेराचा कल्लोळ फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांच्याच आवाजांचा आहे. टेप इतक्या वेळा फिरवली गेली की झिजून आरपार दिसायला लागली, असं ब्रायन सांगतो.

याच अल्बममध्ये चौघांना वेगवेगळं ओळखायला शीक. ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ रॉजरचं, त्याच्याच खरखरीत गळ्यातून आलेलं. ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ अबोल डीकनने बायकोसाठी लिहिलं; त्यातला घुमणारा इलेक्ट्रिक पियानोही त्यानेच वाजवलाय. आणि ‘थर्टी नाइन’ हे माझं सगळ्यात लाडकं गाणं ब्रायनचं. वरून साधं लोकगीत. पण गोष्ट आहे अंतराळात गेलेल्या माणसांची. त्यांच्या हिशेबाने एक वर्ष सरतं आणि परत येतात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतातला काळ एका माणसाचा विरह होऊन समोर येतो. हे लिहिणाऱ्याने बँडसाठी खगोलभौतिकीची पीएचडी अर्धवट सोडली होती. २००७ मध्ये ती पूर्ण केली. तू भौतिकशास्त्र शिकतेस, तुला ते गाणं माझ्यापेक्षा जास्त कळेल.

हे दोन पचले की मागे जा, ‘क्वीन टू’कडे. त्या रेकॉर्डला ए आणि बी अशा बाजू नाहीत. एक पांढरी, एक काळी. पांढरी जवळजवळ पूर्ण ब्रायनची, काळी पूर्ण फ्रेडीची. काळ्या बाजूवर एक गाणं लंडनच्या टेट संग्रहालयातल्या रिचर्ड डॅडच्या परीकथेसारख्या चित्रावरून केलेलं आहे. फ्रेडी कलाशाळेत शिकलेला होता. बँडचं चिन्हही त्यानेच काढलं. हा अल्बम पहिल्यांदाच ऐकलास तर गुदमरशील. त्या दोन अल्बमनंतर ऐकलास तर कळेल, पुढे जे फुललं त्याचं बी इथेच रुजलेलं होतं.

मग पुढे. १९७७चं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ मोकळं, कमी सजवलेलं. ‘वी विल रॉक यू’मध्ये पाय आपटणं आणि टाळ्या यांवरच जवळजवळ सगळं गाणं चालतं, कारण प्रेक्षकांनी बँडसोबत गावं अशी त्यांची इच्छा होती. १९८०च्या ‘द गेम’मध्ये सिंथेसायझर पहिल्यांदा आला. ‘हॉट स्पेस’ मात्र नंतरसाठी ठेव. त्यातला डान्स फ्लोअरचा नाद अनेक जुन्या चाहत्यांना रुचला नाही. डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ तेवढं आधी ऐक.

फ्रेडी आपला पाचगणीचा, असं तू लिहिलंस. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी घरातला फारोख बुलसारा आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे पियानो शिकला आणि मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, हे खरं. त्याचा मलाही आनंद आहे. पण त्याच्या गाण्यांत पाचगणी शोधत बसू नकोस. त्या मुलाने स्वतःला मोठ्या कष्टाने नव्याने घडवलं, नावासकट. त्याने जे घडवलं ते आधी ऐकावं, हाच त्याचा मान.

सगळ्यात शेवटी ‘इन्यूएन्डो’. फेब्रुवारी १९९१ मध्ये तो आला आणि त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. आजाराने शरीर पोखरलेलं असताना त्याने ‘द शो मस्ट गो ऑन’ गायलं, आणि त्या आवाजात थकवा सापडत नाही. तो अल्बम आधी ऐकलास तर मृत्यूची कथा ऐकशील. शेवटी ऐकलास तर एका बँडचं काम ऐकशील, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता माझं कारण सांगते. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी ठरवलं की गाणं कोणीही लिहो, नाव क्वीनचंच लागेल. आधी श्रेयावरून त्यांच्यात वाद होत. शेवटच्या वर्षांत ते संपले. म्हणून ‘इन्यूएन्डो’च्या गाण्यांपुढे चौघांचं एकत्र नाव आहे. पण तू या वाटेने गेली असशील तर चौघांचे हात तुला ओळखू येतील: इथे ब्रायनचा विचारी सूर, इथे रॉजरचा जोर, इथे फ्रेडीची लहर, आणि या साऱ्याखाली डीकनचा शांत बास. प्रत्येक गाण्यापुढे तुला वाटेल ते नाव लिही आणि मला पाठव. माझी यादी तयार आहे, आणि आपल्या याद्या जुळणार नाहीत याची मला खात्री आहे. त्यावर भांडायला फोन कर.

तुझी,
मावशी