अ‍ॅमस्टरडॅम ऑन टॅप

अ‍ॅमस्टरडॅमहून परत आलेली माणसं तीनच गोष्टी सांगतात. कालवे, सायकली आणि व्हॅन गॉग. चौथी सांगताना आवाज जरा खाली जातो! मी मात्र या शहरात एका किचन गॅजेटच्या मागे फिरत होते. घरी बसवायचा बिअरचा टॅप.

आपल्याकडे बरा पगार सुरू झाला की फंडा ठरलेला असतो. आधी कॉफी मशीन, मग एअर फ्रायर, आणि एखाद्या शनिवारी कुणीतरी म्हणतं, 'यार, घरीच ड्राफ्ट बिअर असती तर?' नेदरलँड्समध्ये हा प्रश्न 2000च्या दशकातच विचारून झाला. हायनेकेनने क्रुप्सला सोबत घेऊन बिअरटेंडर काढलं. इथल्याच फिलिप्सने शेजारच्या बेल्जियममधल्या इनबेव्हशी हातमिळवणी करून परफेक्टड्राफ्ट आणलं. पुढे मार्क न्यूसन या स्टार डिझायनरने डिझाइन केलेलं 'द सब' आलं. दिसायला एकदम कूल! पण अशी मशीन्स घेण्यासारखी आहेत का? उत्तर हवं असेल, तर आधी खरा टॅप बघायला हवा.

दोन बोटं फेस

त्यासाठी जायचं स्पाउ चौकातल्या 'कॅफे होप्पे'त. 1670 पासूनची ही जागा. अशा जागांना इथे 'ब्राउन कॅफे' म्हणतात, कारण शेकडो वर्षांच्या धुरानं भिंती तपकिरी झाल्यात. 2008 पासून आत सिगरेटला बंदी आहे, रंग मात्र तसाच. बारमागचा माणूस ग्लास आधी थंड पाण्यात विसळतो, तिरका धरतो, एका दमात भरतो आणि वर आलेला फेस पट्टीने सपकन कापतो. उरतो तो बरोबर दोन बोटं.

'फेसाचे पैसे का द्यायचे?' हा आपला ठरलेला प्रश्न. पण तो फेस म्हणजे झाकण आहे. तो हवा बाहेर ठेवतो आणि बिअरमधला गॅस आत. शिवाय पिंपात उजेड शिरत नाही. हिरव्या बाटलीतून शिरतो आणि बिअरला एक विचित्र वास आणतो. म्हणजे टॅपची बिअर वेगळी लागते हा नुसता भास नाही. ग्लास छोटा, पाव लिटरचा. प्यायची खडे खडे, शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारत. शहराच्या मध्यभागात ग्लासाला चार-पाच युरो पडतात, पण त्यात त्या गप्पाही आल्या.

5 नंबरची ट्राम

लाइड्सेप्लाइनहून 5 नंबरची ट्राम पकडली की काही वेळात आम्स्टेलवेन येतं. इथे भारतीय इतके आहेत की रस्त्यात मराठी कानावर पडली तर दचकायचं नाही. माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिचा नवरा इथेच राहतात. दोघंही आयटीत. त्यांच्या ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, परफेक्टड्राफ्ट.

यंत्र साधं आहे. आत 6 लिटरचं धातूचं पिंप बसतं. पिंपाच्या आत पिशवी, पिशवीत बिअर. मशीन पिशवी आणि पिंप यांच्या मधल्या जागेत हवा भरतं, पिशवी दाबली जाते आणि बिअर वर चढते. हवेचा बिअरला स्पर्शच नाही. नळी प्रत्येक पिंपाबरोबर नवीन, त्यामुळे धुण्याची कटकट नाही. तापमान 3 अंश. दांडी खाली केली की खराखुरा टॅप. सही आहे ना?

आता दुसरी बाजू. गार नसलेलं पिंप आत ठेवलंत तर थंड व्हायला अर्ध्या दिवसाच्या वर लागतो. 'पाहुणे आलेत, लाव मशीन' असं चालत नाही. पंखा घरघरत राहतो. वन बीएचकेत ते रात्री ऐकू येतं. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे एकदा उघडलेलं पिंप 30 दिवसांत संपवायचं.

गणित करा. 6 लिटर म्हणजे पाव लिटरचे 24 ग्लास. महिन्यात चार वीकेंड. म्हणजे दर वीकेंडला सहा ग्लास, न चुकता. दोघांत तीन-तीन. एखादा वीकेंड ट्रिपला गेलात, एखादा आजारपणात गेला, की उरलेली बिअर सिंकमध्ये. त्यांच्याच बिल्डिंगमधल्या एका बॅचलरकडे हेच मशीन आहे. रात्री नऊला घरी येणारा माणूस. दोन पिंपं अर्धी ओतून दिली आणि मशीन कपाटावर चढवलं.

मग मैत्रिणीकडे ते अजून ओट्यावर कसं? ती म्हणाली, "अगं, मला बिअर फारशी आवडतही नाही. पण पहिला हिवाळा आठवतोय. साडेचारला अंधार. डच माणूस भेटायला तीन आठवड्यांनंतरची तारीख देतो. ऑफिस सोडलं तर आम्ही कुणालाच ओळखत नव्हतो. मग याने हे आणलं. दोघांना संपेना. शेवटी शेजारी जाऊन सांगितलं, पिंप उघडलंय, वाया जाईल, या!"

आली माणसं. समोरचं रिटायर्ड डच जोडपं, वरच्या मजल्यावरचं नाशिकचं कुटुंब, एक पोर्तुगीज नर्स. आता महिन्यातला एक शनिवार ठरलेलाच. मी गेले त्या दिवशी डच आजोबांनी आमच्या ग्लासातला फेस सुरीने कापून दाखवला आणि मग कांदाभजीच्या ताटाजवळून हललेच नाहीत. 30 दिवसांची जी अट बॅचलरला नडली, तिच्यामुळेच या घराचं दार उघडं राहिलं.

तिने एक नियम मात्र केलाय. बाटल्या असल्या की रिकाम्या मोजता येतात, टॅपला हिशोब नसतो. म्हणून फ्रिजवर पाटी आणि खडू. प्रत्येकाने आपल्या ग्लासाची रेघ ओढायची. गाडी चालवणाऱ्याला रेघच नाही.

इकडे आणावं का?

मोह होतो. पण भारतात येताना ड्यूटी-फ्री दारूची मर्यादा 2 लिटर, आणि पिंप 6 लिटरचं! या मशीनला ठरावीक कंपनीचंच पिंप लागतं. ते मिळालं नाही तर मशीन म्हणजे शोपीस. अमेरिकेत ड्रिंकवर्क्स नावाचं पॉडवालं बार-मशीन निघालं होतं. मागे केउरिग आणि एबी इनबेव्हसारखी बडी नावं असूनही डिसेंबर 2021मध्ये ते गुंडाळलं गेलं.

आपल्याकडे त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं, ती देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. आता पर्याय भरपूर आहेत. जिथे ताजी बिअर ग्राउलरमध्ये भरून मिळते, तिथून आणा, चार मित्र बोलवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. ओट्यावरची जागाही वाचते.

घ्यायचंच असेल तर...

• फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट उघडा. महिन्यातून एकदा तरी हमखास येतील अशी सहा माणसं सापडली तरच पुढे जा.
• एकटे असाल तर मोठं पिंप नकोच. द सबची नळकांडी 2 लिटरची, म्हणजे आठच ग्लास. पण मुदतही 15 दिवसांचीच.
• फक्त एका पार्टीसाठी हवंय? युरोपात 5 लिटरचं, आतच गॅसची कुपी असलेलं पिंप मिळतं. ते फ्रिजमध्ये गार करायचं, मशीन लागतच नाही.
• आधी पिंप कुठे मिळतं ते बघा, मशीन नंतर. युरोपात मशीनसाठी दोनशे युरोच्या वर तयारी ठेवा.
• महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं, आणि परमिटही.